कम्फर्ट फूड, कांजी आणि जिवाचा आधार

प्रश्न असा आला आहे: ‘निरनिराळ्या देशांतले लोक थकूनभागून घरी आले, आजारी पडले किंवा मन खट्टू झालं की काय खातात, यावरच्या लेखाचं मराठी भाषांतर करतो आहे. “कम्फर्ट फूड” हा शब्द परिच्छेदागणिक येतो. “आरामदायी अन्न”, “सांत्वन-आहार” आणि “सुखाहार” असे तीन पर्याय सुचले. कोणता घेऊ? शिवाय त्यातल्या “कॉन्जी”ला, म्हणजे तांदळाच्या पेजेला, “कांजी” म्हटलेलं चालेल का?’

तिन्ही नकोत. ‘आरामदायी’ हे विशेषण मराठीत खुर्ची, चप्पल आणि लांबच्या प्रवासाच्या बसला लागतं; सूपाला लावलं की सूप बसायला दिल्यासारखं वाटतं. ‘सुखाहार’ हा फलाहार-मिताहाराच्या पंगतीतला शब्द. वाचणाऱ्याला ते वैद्यांनी सांगितलेलं पथ्य वाटणार, आणि या खाण्याचा पथ्याशी बहुधा छत्तीसचा आकडा असतो. ‘सांत्वन’ तर मराठीत जवळजवळ दुखवट्यापुरतंच उरलं आहे. ‘मॅक अँड चीज हा अमेरिकनांचा सांत्वन-आहार आहे’ असं वाचलं की आधी मनात येतं, अमेरिकेत कोण गेलं?

चौथा पर्याय म्हणून ‘दिलासा’ सुचेल. शब्द मूळचा गोड. फारसीतून आलेला, त्यातलं ‘दिल’ डोळ्यांना सरळ दिसतं. पण बातम्यांच्या मथळ्यांनी तो घासून पार गुळगुळीत केला. करदात्यांना दिलासा, प्रवाशांना दिलासा. आता ‘दिलासा देणारं जेवण’ म्हटलं की व्याजदर कमी झाल्यासारखं वाटतं.

मग काय? त्यासाठी इंग्रजी शब्द जरा उकलून बघू. ‘कम्फर्ट फूड’ हा जोडशब्द काही फार जुना नाही. कोशकार 1966 सालचा एका अमेरिकी वर्तमानपत्रातला उल्लेख दाखवतात: मनावरचा ताण फार झाला की मोठी माणसंही लहानपणीच्या सुरक्षिततेशी जोडलेल्या खाण्याकडे वळतात, आणि उदाहरणं दिली आहेत आईने केलेल्या पोच्ड अंड्याची आणि चिकन सूपची. ‘कम्फर्ट’ मात्र पुष्कळ जुना. लॅटिनमध्ये ‘फोर्तिस’ म्हणजे बळकट, त्यावरून ‘कोन्फोर्तारे’ म्हणजे बळ देणं. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हाही अर्थ बळ देणं, धीर देणं असाच होता. गादी-उशीचा आराम त्याला मागाहून चिकटला. आपले भाषांतरकार नेमके या मागाहून चिकटलेल्या अर्थाला धरतात, म्हणून ‘आरामदायी’ची खुर्ची मध्ये येते.

असाच दुसरा शब्द आहे ‘रेस्टॉरंट’. फ्रेंच ‘रेस्तोरे’ म्हणजे पूर्ववत करणं, गेलेली ताकद भरून आणणं. 18व्या शतकातल्या पॅरिसमध्ये ‘रेस्तोराँ’ हे आधी खाण्याचं नाव होतं: मांस शिजवून शिजवून काढलेला, अशक्त माणसाने प्यायचा दाट अर्क. तो विकणाऱ्या जागांना पुढे तेच नाव पडलं. म्हणजे अंगात बळ येण्यासाठी प्यायचं ते कढण ही रेस्टॉरंटची मूळ ओळख. आज त्याच शब्दाच्या पाटीखाली लोक नको इतकं खाऊन सुस्त होतात, तो भाग वेगळा.

इतर भाषांनी या कल्पनेची निरनिराळी टोकं पकडली आहेत. डच ‘त्रोस्त’ला, म्हणजे थेट सांत्वनालाच धरते, तिथे ते जमून जातं, आपल्याकडे जमत नाही. जर्मनमध्ये ‘झेलेनफुटर’, शब्दशः आत्म्याचा चारा. त्याच भाषेत ‘कुमरश्पेक’ असाही शब्द आहे: दुःखात खात सुटल्यामुळे अंगावर चढलेली चरबी, अक्षरशः ‘दुःखाची डुकरचरबी’. जर्मन माणूस हिशेब पुरा केल्याशिवाय उठत नाही. फ्रेंचमध्ये अलीकडे ‘प्ला दूदू’ म्हणतात. ‘दूदू’ म्हणजे लहान मूल ज्याच्याशिवाय झोपत नाही ते कापडाचं बाहुलं किंवा चिंधी, आणि ‘प्ला’ म्हणजे पदार्थ. मला सगळ्यांत नेमका हाच वाटतो, कारण चव, पोषण, दिसणं यातलं काहीही त्यात महत्त्वाचं नाही. ते हातात असणं महत्त्वाचं. ब्रिटिशांचा ‘नर्सरी फूड’ त्याच घरातला: राइस पुडिंग, कुस्करलेला बटाटा, टोस्टवर बीन्स. जपानी लोक ‘ओफुकुरो नो आजी’ म्हणतात. यातली ‘आजी’ म्हणजे चव, आपली आजी नव्हे. ‘ओफुकुरो’ म्हणजे आई, आणि तेही मोठ्या झालेल्या मुलग्याच्या तोंडचा शब्द. मांस-बटाट्याचं ‘निकुजागा’ हे त्याचं ठरलेलं उदाहरण. उलट ‘सोल फूड’ हे अमेरिकेत आफ्रिकी-अमेरिकी स्वयंपाकाचं नाव आहे, आणि जपानीत तोच शब्द एखाद्या गावाच्या खास पदार्थासाठी वापरतात. तुमच्या लेखात तो आला असेल तर कुणाच्या तोंडी आहे ते आधी बघा.

आता मराठी. आपल्याकडे या गोष्टीला नाम नाही, पण क्रियापदं भरपूर आहेत. खाल्लं आणि जिवाला बरं वाटलं. जीव निवला. पोटात काही गेलं तेव्हा जिवात जीव आला. तोंडाला चव आली. आणि सगळ्यांत साधं, ‘जरा आधार आला’. हा ‘आधार’ म्हणजे मूळ ‘कम्फर्ट’च: धरून ठेवणं, बळ देणं. म्हणून लेखाच्या शीर्षकासाठी, चौकटीसाठी, जिथे नामच हवं तिथे मी ‘आधाराचं खाणं’ लिहीन. यात एक खोट आहे, ती आधीच सांगते. ‘पोटाला आधार’ म्हटलं की जेवण व्हायच्या आधीचे दोन घास असाही अर्थ होतो. म्हणून पहिल्यांदा येईल तिथे ‘जिवाला आधार देणारं खाणं’ असं पुरतं लिहा, पुढे नुसतं ‘आधाराचं खाणं’ पुरेल.

मात्र परिच्छेदागणिक तो शब्द भरू नका. इंग्रजी वाक्य नामावर उभं राहतं, मराठी वाक्य क्रियापदावर चालतं. एक भाषांतर तपासताना माझ्यासमोर हे वाक्य आलं होतं: ‘पूतिन हा क्वेबेकमधील लोकांचा आवडता आरामदायी पदार्थ आहे.’ (क्वेबेक हा कॅनडातला प्रांत. पूतिन म्हणजे तळलेले बटाटे, वर चीजचे गोळे आणि गरम ग्रेव्ही. रशियाचा संबंध नाही.) मी ते असं केलं: ‘क्वेबेकमध्ये दिवस वाईट गेला की लोक पूतिन मागवतात.’ अर्थ तोच, शब्द कमी, आणि ‘कम्फर्ट’ शोधावाच लागला नाही.

दुसरा प्रश्न कांजीचा, आणि तो जास्त मजेदार आहे. ‘कॉन्जी’ला ‘कांजी’ म्हणणं व्युत्पत्तीने बरोबरच आहे, कारण तो शब्द इथूनच गेला. तमिळ ‘कञ्जि’ पोर्तुगीजांनी उचलली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला, त्यात रोग्याला मिरी-जिरं घालून द्यायच्या भाताच्या पाण्याचा ‘कांजे’ म्हणून उल्लेख आहे. पोर्तुगालात तिची ‘कांजा’ झाली: कोंबडी आणि तांदळाचं सूप, आजही आजाऱ्याला द्यायचं. तीच पुढे ब्राझीलमध्ये गेली. इंग्रजांनी ‘कॉन्जी’ केलं आणि चीनमधल्या तांदळाच्या पेजेलाही तेच नाव लावलं, जिला खुद्द चिनी लोक ‘चोउ’ किंवा कँटनच्या बोलीत ‘जुक’ म्हणतात.

गंमत म्हणजे पोर्तुगीजमध्ये ‘कांजा आहे’ म्हणजे ‘अगदी सोपं आहे’. कोरियन भाषेतही सोप्या कामाला ‘गार झालेली जुक खाणं’ म्हणतात. दोन्ही भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी दोघींना एकच सुचलं, कारण हे असं अन्न आहे की चावायचेसुद्धा कष्ट नाहीत. इंडोनेशियन मात्र उलट बाजूने बघते. ‘भाताची पेज होऊन गेली’ म्हणजे आता झालं ते झालं, परत फिरणं नाही.

तरी मराठीत ‘कांजी’ लिहू नका. आपल्याकडे ती कपड्यांना लावतात. ‘हाँगकाँगचे लोक सकाळी गरम कांजी घेतात’ हे वाचून इस्त्री आठवली तर दोष वाचकाचा नाही. ‘पेज’ लिहा. पातळ असेल तर पेज, दाट असेल तर मऊ भात. लेखात फोटो असतील तर चमचा उभा राहतो का बघून ठरवा.

जपानी ‘ओकायू’ला मात्र जास्त जपावं लागेल, कारण तिथे दाटपणाला नावं आहेत. एक भाग तांदूळ आणि पाच भाग पाणी म्हणजे ‘झेनगायू’, पुरी पेज. दहा भाग पाणी घातलं की ‘गोबुगायू’, निम्मी पेज. आणि दाणा नसलेलं वरचं निवळ म्हणजे ‘ओमोयू’. तिथल्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर माणूस निवळापासून पुऱ्या पेजेपर्यंत पायरी-पायरीने चढतो. लेखातल्या आजारी माणसाला ‘गोबुगायू’ मिळत असेल तर नुसतं ‘पेज’ लिहून चालणार नाही, ‘पातळ पेज’ लिहा, म्हणजे तो अजून बरा व्हायचा आहे हे कळेल. आणि ‘ओकायू’तला ‘ओ’ हा आदराचा उपसर्ग आहे, पेज म्हणजे नुसतं ‘कायू’. पेजेला अहो-जाहो करणारी भाषा आहे ती. तेवढं मराठीत आणता येणार नाही, सोडून द्या.