मंडळ कशासाठी? एका तरुण शिक्षिकेस पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. अध्यापक विद्यालयातील तुम्हा मैत्रिणींनी माजी विद्यार्थिनींचे मंडळ स्थापन केले, त्याचे चिटणीसपद तुझ्याकडे आले, आणि शाळा सांभाळून मंडळासाठी किती वेळ द्यावा, मुळात स्नेहसंमेलनापलीकडे अशा मंडळाचा काही उपयोग असतो का, असे तू विचारले आहेस. याचे उत्तर मी आयडा लुईस जॅक्सन या अमेरिकन शिक्षिकेच्या आयुष्याच्या आधाराने देणार आहे, कारण हे दोन्ही प्रश्न त्यांनी प्रत्यक्ष काम करून सोडवले होते.

अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थिनींचे भगिनीसंघ असतात. त्यांना सोरॉरिटी म्हणतात आणि त्यांची नावे ग्रीक अक्षरांवरून ठेवतात. १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी ‘अल्फा कप्पा अल्फा’ हा आपला संघ स्थापन केला. पदवी मिळाली म्हणून या संघाचे सभासदत्व संपत नाही. नोकरी, संसार, निवृत्ती अशा सर्व टप्प्यांवर पदवीधर शाखांतून काम चालू राहते.

जॅक्सनबाईंचा जन्म १९०२ चा, मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्गचा. पुढे त्या कॅलिफोर्नियात आल्या आणि १९२० मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाल्या, तेव्हा तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थी अवघे सतरा होते. वर्गात शेजारी बसणारे विद्यार्थी जॅक्सनबाईंची जागा रिकामीच आहे असे समजून वागत, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. १९२१ मध्ये त्यांनी मैत्रिणींना जमवून तिथे या संघाची ‘ऱ्हो’ शाखा सुरू केली. विद्यापीठाच्या वार्षिक अंकासाठी शाखेने ४५ डॉलर शुल्क भरून सर्वजणींचे छायाचित्र दिले. अंक हाती आला तेव्हा त्यात ते छायाचित्र नव्हते, आणि ते विद्यार्थिवर्गाचे प्रातिनिधिक नाही असे कारण त्यांना ऐकवण्यात आले. ज्या मुलींची अशी दखलही घेतली जात नव्हती, त्यांना एकमेकींचा आधार मिळणे हीच त्या शाखेची पहिली कमाई होती. तुमच्या मंडळालाही आरंभी एवढाच उपयोग असेल, तर तो कमी समजू नकोस. दूरच्या गावी एकटी रुजू झालेली शिक्षिका रात्री निःसंकोच फोन करू शकेल अशी एखादी तरी मैत्रीण असणे फार मोलाचे असते.

पण जॅक्सनबाई तिथे थांबल्या नाहीत. १९२३ मध्ये पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून, कॅलिफोर्नियातीलच एल सेंट्रो गावच्या शाळेत शिकवून, त्या ओकलंडच्या सरकारी शाळांतील पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका झाल्या आणि निवृत्तीपर्यंत शिक्षणाच्या क्षेत्रातच राहिल्या. १९३० च्या दशकात त्या संघाच्या राष्ट्रीय प्रमुख झाल्या. या पदाचे त्यांनी काय केले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९३४ च्या उन्हाळ्यात, आपल्या जन्मराज्यातील होम्स परगण्यात, लेक्सिंग्टन येथील सेंट्स इंडस्ट्रियल स्कूलमध्ये त्यांनी ग्रामीण शिक्षकांसाठी वर्ग भरवले. २२ शिक्षक शिकायला आले, २४३ मुलांना त्यांनी शिकवले, प्रौढांसाठी रात्रीचे वर्ग चालले आणि शाळेच्या ग्रंथालयासाठी २,६०० पुस्तके मिळवण्यात आली. अहवालात अभिमानाने मांडावेत असे हे आकडे होते. कोणतेही मंडळ पुढच्या वर्षी हाच उपक्रम अधिक मोठा करण्याचे ठरवून समाधान मानते.

बाईंना मात्र त्या उन्हाळ्यात दिसले की उपाशी आणि आजारी मुलांना चांगला शिक्षक देऊनही ती शिकू शकत नाहीत. म्हणून त्यांनी आपल्या शिक्षिकांच्या संघाला आरोग्याच्या कामाकडे वळवले. वॉशिंग्टनच्या डॉ. डॉरथी बोल्डिंग फेरेबी यांच्याकडे नेतृत्व आले आणि १९३५ पासून १९४२ पर्यंत दर उन्हाळ्यात ‘मिसिसिपी आरोग्य प्रकल्प’ चालला. स्वयंसेविका सुट्टी खर्चून, आपापल्या मोटारी चालवत तिथे पोहोचत. ठरलेल्या ठिकाणी दवाखाने उघडले, पण कापसाच्या मळ्यांचे मालक मजुरांना कामावरून सोडेनात. बाहेरून आलेल्या या बायका मजुरांची संघटना बांधतील अशी त्यांना भीती होती. तेव्हा औषधे आणि लसी मोटारींत भरून दवाखानाच मळ्यांवर नेण्यात आला. एकीकडे मुलांना घटसर्प आणि देवी यांच्या लसी टोचल्या जात होत्या, आणि कमरेला पिस्तूल लावलेले मुकादम घोड्यांवरून घिरट्या घालत, इथे काय बोलले जाते ते कान देऊन ऐकत होते.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या प्रसंगात आहे. लस टोचणे एकट्या शिक्षिकेच्या हातचे नव्हते. डॉक्टर, परिचारिका, शिक्षिका, मोटार चालवणाऱ्या, दूर शहरांत राहून वर्गणी गोळा करणाऱ्या, अशा सगळ्याजणी आधीपासून एका संघात होत्या, म्हणून गरज समोर आली तेव्हा काही महिन्यांत त्या कामाला लागू शकल्या.

वेळेविषयी म्हणशील, तर बाईंनी वर्ग सोडून संघ चालवला नाही. उन्हाळ्याची सुट्टी कामाला दिली आणि वर्षानुवर्षे दिली. १९७९ मध्ये, निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, मेंडोसिनो परगण्यातील आपली जमीन त्यांनी बर्कली विद्यापीठाला दिली, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून. ज्या विद्यापीठाने एकेकाळी त्यांचे छायाचित्र गाळले होते, त्यालाच त्यांनी ही जमीन दिली याचे मला अतोनात कौतुक वाटते. आज तिथले पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे एक निवासगृह त्यांच्या नावाने ओळखले जाते.

आता तुझ्या मंडळाविषयी. शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हे आणि फ्लेक्स यांवर पहिल्या वर्षी एक रुपयाही खर्च करू नये, असा ठराव पहिल्याच सभेत मांड. विरोध झाला तरी मांड. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला निघतात आणि तुझ्या वर्गाचा पट रोडावतो, असे तू लिहिले आहेस. त्यासाठी काय करायचे ते सभागृहात बसून ठरवू नका. तुमच्यापैकी दोघीतिघींनी गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या परिसरातील कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांवर, जाऊन यावे. मुले दिवसभर काय करतात, धाकट्या भावंडांना कोण सांभाळते, आजारी पडल्यावर कुठे नेतात, हे पाहून टिपून आणावे. गावातच राहून शिकता यावे म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असूनही जी मुले आईवडिलांबरोबर जातात, त्यांच्या आयांशी अवश्य बोला. आपण पाठ्यपुस्तके घेऊन जावे आणि गरज वेगळीच निघावी, असे होण्याचा संभव आहे. तसे झाले तर योजना बदलायला कचरू नका, आणि मैत्रिणींपैकी कोणी परिचारिका असेल, कोणी पंचायत समितीत असेल, तर तिला त्याच आठवड्यात कळवा.

कोप्यांवर जाऊन आल्यावर केलेल्या टिपणांची एक प्रत मला पाठव. मी ती वाचून, सुचेल ते समासात लिहून परत करीन.

तुझ्या,
शाळेतल्या बाई