जुनी विंडोज, नवी मशीन : ड्रायव्हर शोधण्याआधी चिप ओळखा

प्रश्न : आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेची हँडबिलं असं काम असतं. वीस वर्षांचं सगळं काम पेजमेकर 7 मध्ये आहे. मराठी फाँटचा यूएसबी डाँगल (फाँट चालण्यासाठी मशीनला लावावी लागणारी किल्ली) आहे आणि तो विंडोज 7, 32 बिटवरच चालतो. जुनी मशीन आता दिवसातून दोनदा बंद पडते, म्हणून नवी घेतली : इंटेल आय-3, 12वी पिढी, 8 जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क). तिच्यावर विंडोज 7 टाकायला गेलो तर पहिल्याच स्क्रीनवर माऊस हलेना आणि कीबोर्डही चालेना. सोबत आलेल्या विंडोज 11 मध्ये पेजमेकर कसंबसं उघडतं, पण डाँगल ओळखत नाही. दुकानदार म्हणाला, ड्रायव्हर नेटवर मिळेल. चार रात्री शोधतोय. नक्की कुठे मिळेल? तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची गर्दी सुरू होते. – एक वाचक, कराड

उत्तर : पाचवी रात्र घालवू नका. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला एखाद्या चिपशी बोलायला शिकवणारा छोटा प्रोग्राम. तुमच्या नव्या मशीनसाठी विंडोज 7 चा ड्रायव्हर कुठल्याच कंपनीने काढलेला नाही. असला असता तर चार रात्रींत नक्की सापडला असता. त्यासाठीच हे उत्तर लांबवून लिहितोय. तुमच्यासारखी पत्रं मला दर महिन्याला येतात आणि माणसं स्वतःलाच दोष देत बसतात.

माऊस का हलत नाही ते आधी सांगतो. विंडोज 7 आली 2009 मध्ये. तेव्हा यूएसबी 2 चा जमाना होता, म्हणून तिच्या डीव्हीडीत यूएसबी 3 च्या कंट्रोलरचा, म्हणजे यूएसबीची भोकं सांभाळणाऱ्या चिपचा, ड्रायव्हरच नाही. 2015 पर्यंत हे कुणाला जाणवलं नाही, कारण बोर्डावर जुना आणि नवा असे दोन्ही कंट्रोलर असायचे. त्या वर्षी इंटेलची 6वी पिढी आली आणि तिच्या चिपसेटमधून जुना कंट्रोलर काढून टाकला गेला. सगळी यूएसबी भोकं नव्या कंट्रोलरवर गेली. विंडोज 7 चं सेटअप सुरू होतं, 'इन्स्टॉल नाऊ'ची निळी स्क्रीन येते आणि माऊसचा बाण मधोमध थिजून राहतो. मॉडेल साधं असेल तर माऊसचा लाल दिवासुद्धा विझतो. माऊस चांगलाच असतो. त्या क्षणी विंडोजला ते भोकच दिसत नसतं.

ही स्क्रीन मी पहिल्यांदा 2016 मध्ये पाहिली. एका पतसंस्थेची मशीन होती आणि सकाळी दहाला काउंटर उघडणार होतं. तीन माऊस बदलून पाहिले. शेवटी बोर्डाच्या मागे जुनं गोल भोक दिसलं, म्हणून माळ्यावरून जांभळ्या पिनेचा पीएस-2 कीबोर्ड काढून लावला आणि तो चालला. पण पेन ड्राइव्हही यूएसबीच असल्यामुळे सेटअप पुढे जाईना. 'सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही' असा मेसेज येत राहिला. मग डीव्हीडी जाळली, साटाचा, म्हणजे यूएसबीऐवजी सरळ बोर्डाला जोडायचा, डीव्हीडी रायटर लावला आणि पहाटे चारला विंडोज बसली. त्या पिढीपर्यंत हे जमायचं. यूएसबी 3 चा ड्रायव्हर सेटअपमध्ये घुसवून देणारी साधनंही तेव्हा बोर्ड बनवणाऱ्यांनी दिली होती.

तुमची मशीन त्याच्या बरीच पुढची आहे. माऊसचं जमलं तरी पुढे एनव्हीएमई डिस्क दिसणार नाही. तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टने वेगळा हॉटफिक्स (दुरुस्तीचा अपडेट) काढला होता, तो सेटअपमध्ये मिसळावा लागतो. तेही केलंत तर विंडोज 7 चा लोगो येऊन तिथेच अडकते, कारण तिला स्क्रीनवर चित्र काढायला जुन्या बायोसची (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामची) एक सोय लागते आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या नव्या बोर्डांवर ती उरलेली नाही. तेही कसंतरी ओलांडलंत तर 12व्या पिढीच्या ग्राफिक्सचा विंडोज 7 साठी ड्रायव्हरच निघालेला नाही. विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला आणि ही पिढी 2021 च्या अखेरीस बाजारात आली. बंद झालेल्या सिस्टिमसाठी कुठली कंपनी ड्रायव्हर लिहील? तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहायची सवय लावा. चिप कधी आली आणि तुमच्या विंडोजचा सपोर्ट कधी संपला, हे पाहिलं की शोधायला बसायचं की नाही ते दोन मिनिटांत कळतं.

आता डाँगल. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये येते आणि 64 बिट विंडोज 32 बिटचा ड्रायव्हर कधीच घेत नाही. 32 बिटचा साधा प्रोग्राम ती चालवते, म्हणून पेजमेकर उघडतं. पण डाँगलचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो, तिथे तडजोड नाही. फाँटच्या कंपनीकडे 64 बिटचा ड्रायव्हर किंवा नवा डाँगल आहे का, हे आधी फोन करून विचारा. 'आहे' म्हणाले तर हे सगळं वाचायची गरजच नाही.

नसेल तर माझा सल्ला असा : नव्या मशीनवर विंडोज 11 राहू द्या आणि तिच्या पोटात व्हर्च्युअल मशीन करून विंडोज 7 चालवा. व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम फुकट आहे. तो विंडोज 7 समोर एक खोटा, जुना संगणक उभा करतो. 1990च्या दशकातला इंटेलचा डिस्क कंट्रोलर, जुनं इंटेलचं नेटवर्क कार्ड असा सगळा जुना सरंजाम तो दाखवतो आणि त्या सगळ्याचे ड्रायव्हर विंडोज 7 च्या डीव्हीडीतच असतात. खऱ्या चिपशी बोलायचं काम विंडोज 11 करते. ड्रायव्हर शोधायचा प्रश्नच येत नाही. स्क्रीनसाठी आणि फोल्डर शेअर करण्यासाठी 'गेस्ट अॅडिशन्स' तेवढं आत टाकायचं.

मात्र काही गोष्टी नीट करा. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन (व्हर्च्युअल मशीनसाठी लागणारी प्रोसेसरची सोय) चालू आहे ना ते पाहा. आतल्या विंडोजला 2 जीबी रॅम पुरे, पेजमेकरला त्याहून जास्त लागत नाही. यूएसबीचा प्रकार 2.0 निवडा, 3.0 निवडलात तर तीच जुनी अडचण आत शिरेल. मग डाँगल लावून वरच्या मेन्यूतून तो आतल्या विंडोजच्या स्वाधीन करा आणि जुना 32 बिट ड्रायव्हर आत टाका. प्रिंटरचा ड्रायव्हर आत टाकण्याच्या फंदात पडू नका. पेजमेकरमधून पीडीएफ काढा, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवा आणि छापायचं बाहेरून, विंडोज 11 मधून छापा. आतल्या विंडोजचं नेटवर्क कार्ड सेटिंगमध्ये बंदच ठेवा. तिला 2020 पासून सुरक्षेचे अपडेट नाहीत, इंटरनेट तिच्या हाती देऊ नये.

जुनी मशीन अजून चालू होते ना? मग आज रात्री दुसरं काहीच करू नका, आधी हे करा. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्सचा 'डिस्क-टू-व्हीएचडी' नावाचा छोटा प्रोग्राम आहे. तो चालू विंडोजची जशीच्या तशी एक फाईल बनवतो, पेजमेकर, फाँट आणि सेटिंगसकट. 'व्हीएचडीएक्स'समोरची खूण काढा आणि फाईल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. हीच फाईल व्हर्च्युअलबॉक्समध्ये डिस्क म्हणून जोडता येते. सुरू होताना निळी स्क्रीन येऊन 7बी असा आकडा दिसला तर घाबरू नका, व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये डिस्क जोडायचे साटा आणि आयडीई असे दोन प्रकार असतात; डिस्क साटावर असेल तर आयडीईवर आणि आयडीईवर असेल तर साटावर लावा. हार्डवेअर बदललं असं समजून विंडोज पुन्हा अॅक्टिव्हेशन मागेल. कॅबिनेटवर चिकटवलेली की मशीनसोबत आलेली असेल तर तिचं लायसन्स त्याच मशीनपुरतं असतं. सुटी विकत घेतलेली असेल तर दुसरीकडे नेता येते. हे आधी तपासा.

डाँगल जर प्रिंटरच्या जुन्या पंचवीस पिनांच्या पोर्टचा असता तर मी व्हर्च्युअल मशीन सुचवलीच नसती. तसा डाँगल ज्यांच्याकडे आहे त्यांनी सरळ इंटेलच्या 4थ्या पिढीची, म्हणजे 2013-14 च्या सुमाराची वापरलेली मशीन बघावी. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे अशा मशीन मिळतात. त्या पिढीचे विंडोज 7 चे सगळे ड्रायव्हर आहेत आणि त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर तो पोर्टही असतो. विंडोज एक्सपी हवी असणाऱ्यांनी आणखी एक पायरी खाली, 3ऱ्या पिढीवर थांबावं. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचे एक्सपी ड्रायव्हर इंटेलने तिथपर्यंतच दिले.

प्रश्न : माझा 2011 चा लॅपटॉप ओळखीच्या मुलाने फॉरमॅट मारून पुन्हा विंडोज 7 टाकून दिला. आता वाय-फाय नाही, लॅन (वायरचं नेट) नाही, आवाज नाही. कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलचं पानच काढून टाकलंय. नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, अशी गत आहे. मी शिक्षिका आहे, वर्गाच्या गुणपत्रकांसाठी हाच लॅपटॉप वापरते. – एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : ताई, तुमच्या लॅपटॉपचे ड्रायव्हर नक्की मिळतील. 2011 च्या मशीनसाठी विंडोज 7 तेव्हाचीच आहे. फक्त लॅपटॉपच्या मॉडेलवरून शोधू नका. एकाच मॉडेलमध्ये कंपनी कधी एका बनावटीचं वाय-फाय कार्ड घालते, कधी दुसऱ्या. आतल्या चिपचं नाव विचारा, ती स्वतः सांगते.

'कॉम्प्युटर'वर उजवं क्लिक, मॅनेज, डिव्हाइस मॅनेजर. पिवळ्या उद्गारचिन्हाच्या 'नेटवर्क कंट्रोलर'वर डबल क्लिक केलं की बहुधा कोड 28 दिसेल, म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. 'डिटेल्स' टॅबमध्ये जाऊन खालच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. लांबलचक ओळ येते. तिच्यात दोन गोष्टी बघायच्या : व्हीईएन नंतरची चार अक्षरं म्हणजे चिप बनवणारा आणि डीईव्ही नंतरची चार म्हणजे नेमकी चिप. 8086 असेल तर इंटेल. त्यांच्या 1978 च्या प्रोसेसरचाच हा आकडा. 10ईसी म्हणजे रियलटेक, 14ई4 ब्रॉडकॉम, 168सी अॅथेरॉस, 10डीई एनव्हिडिया. 10ईसी आणि 8136 दिसलं तर ती रियलटेकची साधी लॅन चिप आहे, पाच मिनिटांत तिचा ड्रायव्हर मिळेल. कागदावर उतरवताना एक सांभाळा. या चार जागांत 'ओ' हे अक्षर कधीच नसतं, जे दिसतं ते शून्य. 'बी' आणि 8 मात्र दोन्ही असू शकतात, स्क्रीन नीट पुसून वाचा. मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहिलात तर उत्तम.

आता हा आयडी मोबाइलवरून किंवा दुसऱ्याच्या संगणकावरून 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग'मध्ये टाका. ही मायक्रोसॉफ्टची स्वतःची साइट आहे आणि तिथे व्हीईएन-डीईव्हीवरून थेट शोधता येतं. तुमची विंडोज 32 बिट आहे की 64 ते आधी बघा, नाहीतर सगळी मेहनत वाया. कॅब फाईल मिळेल. ती सेव्हन-झिपने उलगडून फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. आत आयएनएफ नावाने संपणारी फाईल असते. ती नोटपॅडमध्ये उघडून तुमची चार अक्षरं शोधा. सापडली म्हणजे ड्रायव्हर तुमच्याच चिपचा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राऊज', आणि तो फोल्डर दाखवा. सुरुवात लॅनपासून करा, मग चिपसेट, ग्राफिक्स, आवाज.

कोड 52 आला तर ड्रायव्हरची सही विंडोजला पटत नाही असं समजा. 2015 नंतरच्या अनेक ड्रायव्हरांवर नव्या पद्धतीची सही आहे आणि कोऱ्या विंडोज 7 ला ती वाचता येत नाही. आधी सर्व्हिस पॅक 1, मग केबी 3033929 हा अपडेट टाका, कोड जातो. लॅपटॉप चालू झाला तरी बँकेचे व्यवहार त्यावर करू नका, गुणपत्रकांसाठी तो ठीक आहे.

प्रश्न : 'तुमचे 47 ड्रायव्हर जुने आहेत' असं सांगून पैसे मागणारा प्रोग्राम घ्यावा का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : घेऊ नका आणि टाकला असेल तर काढा. हे प्रोग्राम चालू असलेला ड्रायव्हर काढून भलताच बसवतात आणि सोबत जाहिराती आणतात. असा प्रोग्राम वापरल्यावर स्क्रीन काळी झालेल्या मशीन माझ्याकडे येतात, तेव्हा जुना ड्रायव्हर परत मिळवायलाच दिवस जातो.

त्यापेक्षा आज दहा मिनिटं काढा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम32, त्यात ड्रायव्हरस्टोअर आणि त्यात फाइलरिपॉझिटरी हा फोल्डर आहे. तुमच्या मशीनचे चालते ड्रायव्हर तिथे साठवलेले असतात. तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा आणि वर मशीनचं नाव आणि 32 की 64 ते लिहून ठेवा. पुढे कधी फॉरमॅट मारावी लागली तर 'अपडेट ड्रायव्हर'मध्ये हाच फोल्डर दाखवायचा आणि 'सबफोल्डर्स'वर खूण ठेवायची, म्हणजे विंडोज आपला ड्रायव्हर स्वतः शोधून घेते.