नदीच्या पाण्याचा अहवाल ‘व्यापारी गुपित’ कसा?

प्रश्न: आमचे गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. गळीत हंगाम सुरू झाला आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाणी काळपट होऊन मासे मेले. दुसऱ्या दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी आले. घाटावर आणि कारखान्याचे सांडपाणी जिथून बाहेर पडते तिथे त्यांनी नमुने घेतले; घाटावरच्या एका बाटलीत जागेवरच औषध टाकले. पंचनाम्यावर माझी सही आहे. माहिती अधिकारात मी विचारले, ‘पाणी कशाने खराब झाले व कारवाई का केली नाही?’ १२ जानेवारीला उत्तर हातात पडले: त्रयस्थ पक्षाची व्यापारी गोपनीयता, शिवाय चौकशी सुरू, कलम ८(१)(घ) व (ज) नुसार माहिती नाकारली. नदीची आकडेवारी संकेतस्थळावर पाहावी. आता काय करावे?

उत्तर: आधी तारीख सांभाळा. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत, म्हणजे ११ फेब्रुवारीपर्यंत, प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील गेले पाहिजे. २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा.

अपिलात नदीच्या दुर्दशेवर निबंध नको. मुद्दे तीनच. घाटावरचे पाणी कोणत्याही कारखान्याचे नाही, त्यामुळे त्या नमुन्यापुरता त्रयस्थ पक्षच उरत नाही. कारखान्याच्या सांडपाण्याबद्दल म्हणाल, तर साखर कशी करतात हे तुम्ही विचारलेले नाही. नदीत काय सोडले हे विचारले आहे. त्यात गुपित निघालेच, तरी व्यापक जनहितासाठी ते उघड करण्याची तरतूद (घ) मध्येच आहे. आणि चौकशी सुरू आहे एवढे म्हणून भागत नाही, माहिती दिल्याने चौकशीत अडथळा नेमका कसा येईल ते दाखवावे लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ‘भगत सिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त’ या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार कलम १९(५) नुसार माहिती अधिकाऱ्यावर असतो, तुमच्यावर नाही.

इथे जल अधिनियम, १९७४ (पाण्याचे प्रदूषण रोखण्याचा कायदा) याची कलमे २१ व २२ कामाला येतात. ती फारसे कुणी वाचत नाही. सांडपाण्याचा नमुना कायदेशीर कारवाईसाठी घेतला असेल, तर कारखान्याला नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, ते सीलबंद करावे लागतात; नाहीतर तो अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल तीन प्रतींत तयार होतो आणि त्यातली एक कारखान्यालाच पाठवायची असते. ज्याची चौकशी चालली आहे त्याच्या हातात अहवाल, आणि ज्यांचे मासे मेले त्यांच्यापासून तो गुप्त! अपिलात हे वाक्य जरूर घाला.

तुमच्या अर्जातही एक कमकुवत जागा आहे. ‘कारवाई का केली नाही’ याचे उत्तर देण्यास माहिती अधिकारी बांधील नसतो. कार्यालयात असलेला कागद मात्र त्याला द्यावा लागतो. म्हणून अपिलासोबत नवा अर्जही करा: एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपये शुल्क. त्यात मागा पंचनामा, कलम २१ ची नोटीस, नमुना प्रयोगशाळेत पोचल्याची नोंद, विश्लेषण अहवाल आणि कारखान्याला सांडपाणी सोडण्यासाठी मंडळाने दिलेल्या संमतीपत्राची प्रत. ‘अहवाल अजून आलेला नाही’ असे सांगितले तर लक्षात ठेवा, आपल्याकडे बीओडीची (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते याची) चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांची असते, महिन्यांची नाही.

ते ‘औषध’ बहुधा पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्यासाठी होते. पाण्यात प्राणवायू असला तर बाटलीत तपकिरी साका बसतो, जवळजवळ नसला तर पांढरा. माशांसाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो असा निकष आहे. साक्याचा रंग तुम्हाला किंवा शेजारी उभ्या असलेल्या कुणाला आठवत असेल, तर आजच तारखेसह लिहून सह्या घ्या. जागेवरची नोंदवहीही अर्जात मागा.

संकेतस्थळावर प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरावीक केंद्रांवरचे नेहमीचे आकडे देते. ते उपयोगी आहेत, आधीच्या महिन्यांशी तुलना करायला डाऊनलोड करून ठेवा. पण तुमच्या घाटावरच्या त्या दिवसाच्या नमुन्याचे उत्तर त्यात मिळत नाही.

अपिलाच्या निकालाची वाट पाहत बसू नका. जल अधिनियमाच्या कलम २५(६) नुसार मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची असते, आणि सांडपाण्याच्या ज्या निकासाचा तुम्हाला त्रास होतो त्याबद्दलच्या नोंदी तुम्ही कार्यालयीन वेळेत जाऊन पाहू शकता. यासाठी माहिती अधिकाराचा अर्जही लागत नाही. जाताना ग्रामपंचायतीचे पत्र न्या. कायद्याने गरज नाही, पण टेबलापलीकडचा सूर बदलतो.

खरी घाई दुसरीकडे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात कलम १४ खाली जायचे तर घटनेपासून सहा महिने मिळतात, म्हणजे मे अखेर. त्यापुढे सबळ कारण असेल तर ६० दिवस. नुकसानभरपाईसाठी पाच वर्षे आहेत. पहिल्या अपिलाला ३०, फार तर ४५ दिवस लागायला हवेत; दुसरे अपील मात्र माहिती आयोगात किती काळ पडून राहील याचा भरवसा नाही. त्यामुळे एप्रिलपर्यंत अहवाल मिळाला नाही, तर पंचनामा, फोटो आणि हे नकाराचे पत्र जोडूनच अर्ज दाखल करा आणि अहवाल मागवून घेण्याची विनंती न्यायाधिकरणालाच करा. नकाराचे पत्र ज्या लिफाफ्यातून आले तो फेकू नका, उत्तर कधी मिळाले आणि अपिलाची मुदत कधीपासून मोजायची, हे दाखवायला त्यावरचा शिक्का उपयोगी पडेल.