पुढची फाइट कुणाशी?

प्रश्न : मुलगा २१ वर्षांचा आहे, बॉक्सिंगच्या लाइटवेट गटात (६१ किलो) खेळतो. प्रोफेशनल झाल्यापासून चार फाइट झाल्या, चारही दुसऱ्या राउंडच्या आत जिंकल्या. प्रमोटरने आता दोन नावं दिली आहेत. एकाचे ९ विजय, पराभव शून्य. दुसऱ्याचे ६ विजय आणि २१ पराभव. 'दुसऱ्याला हरवून काय मिळणार?' असं मुलगा म्हणतो, कोच सर मात्र दुसऱ्याच्याच बाजूने आहेत. काय करावं?
– एक पालक, सांगली

उत्तर : कोच सरांचं बरोबर दिसतंय, पण होकार देण्याआधी त्या २१ पराभवांची फोड करा. किती पॉइंटवर, किती नॉकआउटने आणि कुणाकडून? बहुतेक पराभव चांगल्या पोरांकडून, पॉइंटवर झाले असतील तर असा प्रतिस्पर्धी शोधूनही सापडत नाही. ब्रिटनच्या पीटर बकलीने ३०० फाइट लढून २००८ मध्ये ग्लोव्हज उतरवले. त्यातल्या २५६ तो हरला, पण त्याला नॉकआउट करणं फार थोड्यांना जमलं. पुढे विश्वविजेता झालेला नसीम हमीदही चढत्या काळात त्याच्याशी दोनदा लढला. असे बॉक्सर गार्ड घट्ट ठेवतात, क्लिंच करून (समोरच्याला मिठीत धरून) दम घेतात आणि जोर लावणाऱ्याचे ठोसे हवेत जाऊ देतात. तुमच्या मुलाचा दम पाचव्या राउंडमध्ये कसा टिकतो, हे आज कुणालाच माहीत नाही. ते सहा राउंडच्या अशा फाइटमध्ये कळेल.

मात्र हा माणूस शेवटच्या तीन फाइटमध्ये दोनदा नॉकआउट झाला असेल तर सरळ नाही म्हणा. त्याच्या डोक्याला धोका आहे, आणि मुलाला त्यातून शिकायला काही नाही.

आता ९–० वाला. त्याने हरवलेल्या नऊ जणांचे रेकॉर्ड बॉक्सरेकवर (बॉक्सरांच्या नोंदींची वेबसाइट) एकेक उघडून बघा. त्यातल्या बहुतेकांनी एकही फाइट जिंकली नसेल, तर त्या शून्यावर जाऊ नका. ते नऊ जण दमदार असतील, तर ही फाइट वर्षभराने घ्या.

माइक टायसनने पहिल्या १९ फाइट नॉकआउटने जिंकल्या. मे १९८६ मध्ये अनुभवी जेम्स टिलिस त्याच्यासमोर पूर्ण दहा राउंड उभा राहिला, सतरा दिवसांनी मिच ग्रीनही. त्याच नोव्हेंबरमध्ये ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या राउंडमध्ये हरवून टायसन विश्वविजेता झाला. आमच्या मते त्या वर्षातल्या त्याच्या सर्वांत मोलाच्या फाइट टिलिस आणि ग्रीनच्याच.

प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ बघताना हायलाइट्स नकोत. पहिला आणि शेवटचा राउंड पूर्ण बघा. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारून हात परत आणताना तो हनुवटीपर्यंत येतो की छातीशीच राहतो? पोटात बसल्यावर कोपर खाली येतं का? दोरांशी अडकल्यावर तो कुठल्या बाजूने निसटतो?

एका फाइटमध्ये एकच नवी गोष्ट असू द्या. राउंड वाढवायचे असतील तर शैली ओळखीची हवी. साउथपॉ (डावखुरा बॉक्सर) घ्यायचा असेल तर राउंड तेवढेच ठेवा, आणि आधी निदान चार आठवडे डावखुऱ्यांशी स्पारिंग करून घ्या. मुलाचा डावा पाय त्या डावखुऱ्याच्या उजव्या पायाच्या बाहेर पडायला हवा. पाय आत राहिला की त्याचा सरळ डावा थेट तोंडावर येतो. पोरं इथेच मार खातात. जोरदार ठोसे मारणारा प्रतिस्पर्धी सगळ्यात शेवटी.

करारात वजन लिहून घ्या, आणि जास्त भरलं तर काय, तेही. शेवटच्या आठवड्यात प्रतिस्पर्धी बदलला आणि नवा डावखुरा किंवा वजनाने जड निघाला, तर फाइट सोडा. प्रमोटर रागावला तरी चालेल.

प्रश्न : हाताच्या दुखापतीने वर्ष वाया गेलं. आता थेट आठ राउंडची ऑफर आहे. घेऊ का?
– एक बॉक्सर, पुणे

उत्तर : नाही. विजेंदर सिंग सलग १२ फाइट जिंकला होता. जवळपास सोळा महिन्यांच्या खंडानंतर मार्च २०२१ मध्ये पणजीत, कॅसिनोच्या जहाजावर तो त्याच्याहून उंच आणि तरुण अशा आर्तिश लोप्सानसमोर उतरला आणि पाचव्या राउंडमध्ये हरला. लांब हाताच्या बॉक्सरसमोर अंतराचा अंदाज लागतो, आणि खंड पडल्यावर आधी तोच जातो. तुम्ही चार किंवा सहा राउंडची फाइट घ्या, प्रतिस्पर्धी तुमच्याच उंचीचा आणि बेताच्या ताकदीचा बघा. त्याआधी दुखरा हात हेवी बॅगवर पूर्ण जोराने सलग तीन आठवडे चालला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सूज आली तर ऑफर पुढे ढकला.