वंशावळ दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेताना

भाऊ, आजोबांच्या वहीतली नावं संगणकावर चढवायला घेतलीत, फार चांगलं केलंत. म्हातारी माणसं आहेत तोवरच हे काम होतं. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळा.

ग्रॅम्प्स या वंशावळीच्या प्रोग्रॅममधून फाइल बाहेर काढताना 'जेडकॉम' (GEDCOM) हा फाइलचा प्रकार निवडा. हा प्रकार 1984 पासून चालत आलाय, जवळपास सगळे प्रोग्रॅम तो वाचतात. आवृत्ती विचारली तर 5.5.1 घ्या. 7.0 ही 2021 ची, ती अजून सगळीकडे उघडत नाही. अक्षरं यूटीएफ-8 (UTF-8) या साठवणीच्या पद्धतीतच ठेवा, नाहीतर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात.

नवे लोक हमखास चुकतात ते इथं:

- फोटो. 5.5.1 च्या फाइलमध्ये फोटो नसतो, तो कुठं ठेवलाय एवढंच लिहिलेलं असतं. अकोल्याच्या चुलतभावाला नुसती फाइल धाडली तर आजीचं नाव दिसेल, चेहरा नाही. फोटोंचं फोल्डर सोबत द्याच.
- बायकांची नावं. माहेरचं आडनाव मुख्य रकान्यात लिहा, सासरचं वेगळं. माहेर गेलं की तिकडची अख्खी शाखा तुटते.
- तारखा. 'तान्ह्या पोळ्याला जन्म' हे टिपणात जाऊ द्या, तारखेच्या रकान्यात अंदाजे साल पुरे.

आलेली फाइल थेट आपल्या वंशावळीत ओतू नका, माणसं दुबार होतात. आधी नव्या, रिकाम्या वंशावळीत उघडून दोन-चार घरं तपासा. आणि बाहेर देताना हयात माणसांची माहिती वगळायचा पर्याय असतो, तो लावायला विसरू नका.