डायरी ताईंच्या हाती देताना

सप्रेम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मॅडम, ताईंना ठेवून महिना झाला, पण माझा वेळ काही वाचत नाही. उलट त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यातच दुपार जाते." तेव्हा तुझ्या केबिनबाहेर कुणीतरी थांबलेलं होतं, म्हणून मी विषय वाढवला नाही. आता सविस्तर लिहिते.

ताई सांगलीला घरी बसून रोज चार तास तुझ्या भेटींच्या वेळा सांभाळायचं काम करतात, तू पुण्यात. त्यांना तू कॅलेंडर उघडून दिलंस आणि सांगितलंस, "कुणी वेळ मागितली की मला विचारा." इथेच घोळ आहे. पूर्वी क्लायंट थेट तुला विचारायचे, आता ताईंमार्फत विचारतात. ठरवायचं काम तुझ्याकडेच राहिलं, मध्ये फक्त एक माणूस वाढलं. ताईंना नियम दे, म्हणजे दहापैकी आठ वेळा त्यांना तुला विचारावंच लागणार नाही.

आपल्या सीएच्या प्रॅक्टिसमध्ये हे नियम बनवणं तसं सोपं आहे, कारण आपला महिना आधीच आखलेला असतो. ७ तारखेला टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचा तपशील, २० ला ३बी म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न. त्यात १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च हे ॲडव्हान्स टॅक्सचे, म्हणजे आगाऊ आयकर भरायचे दिवस. या तारखा तुला झोपेतही आठवतात, ताईंना त्या कुणी सांगितल्यात? वर्षभराच्या सगळ्या तारखा एकदाच कॅलेंडरवर चढवायला सांग आणि प्रत्येकीच्या आधीचे दोन दिवस बंद करून टाक. १८ आणि १९ तारखेला नवीन भेट नाही. कर खात्याची नोटीस आली असेल तरच अपवाद. नोटीस म्हणजे काय, ती कशी दिसते, उत्तर द्यायची मुदत कागदावर कुठे लिहिलेली असते, हे त्यांना दोन-तीन जुने नमुने दाखवून समजाव. त्यावरची नावं, पॅन नंबर खोडून दाखव.

भेटींचे प्रकारही पाड. नव्या क्लायंटची पहिली भेट पाऊण तासाची, आणि तीही कागद आधी आले तरच. बॅलन्स शीटवर सही करायच्या आधीची चर्चा तासाभराची, शक्यतो सकाळी, डोकं ताजं असताना. "फक्त पाच मिनिटं बोलायचंय" म्हणणाऱ्यांना संध्याकाळी साडेपाच ते सहा. दोन भेटींमध्ये पंधरा मिनिटं मोकळी हवीतच. मागच्या भेटीत काय ठरलं ते फाइलवर लिहायला तेवढा वेळ लागतो, आणि ते लिहिलं नाही की आठवड्याने तोच क्लायंट तोच प्रश्न घेऊन येतो.

आता थोडं कडक बोलते. गेल्या महिन्यात तुझ्या त्या मार्केट यार्डातल्या क्लायंटने १८ तारखेला भेट मागितली. ताईंनी रीतसर २१ दिली. त्याने तुला व्हॉट्सॲप केलं आणि तू "या उद्या अकराला" लिहून मोकळी झालीस. तू ते सहज, जुन्या ओळखीने केलंस. पण त्या एका ओळीने ताईंच्या शब्दाची किंमत गेली. आता तो माणूस ताईंना कधीच विचारणार नाही, आणि त्याच्याकडून ऐकून आणखी चारजण थेट तुलाच गाठतील. यापुढे असा मेसेज आला की उत्तर एकच: "वेळ ताई देतात, त्यांच्याशी बोलून घ्या." आई-वडिलांच्या वयाच्या क्लायंटला असं सांगताना जीभ अडखळेल. तरीही सांग. फार तर आदल्या दिवशी स्वतः फोन करून त्यांची विचारपूस कर, पण वेळ देऊ नकोस.

तुझ्या परदेशातल्या क्लायंटचं वेगळंच. न्यू जर्सीचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. लंडनचं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. म्हणजे मार्चमधल्या काही आठवड्यांत अमेरिकेचं गणित बदललेलं असतं आणि इंग्लंडचं नाही. नेमका मार्च, जेव्हा आपल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते! ताईंना सांग की दर महिन्याचा कॉल नोंदवताना त्या क्लायंटच्या गावचा टाइम झोन निवडायचा, आपला नाही. मग कॅलेंडर आपोआप सरकतं, कुणाला आकडेमोड करावी लागत नाही.

अधिकार देताना मात्र हात आखडता ठेव. कॅलेंडरमध्ये नोंदी बदलण्याचा अधिकार पुरे, तो पुढे इतरांना देण्याचा नको. आणि हे लक्षात घे की नोंद "खासगी" केली तरी बदल करण्याचा अधिकार असलेल्या माणसाला ती दिसते. तुझ्या दवाखान्याच्या, घरच्या गोष्टींसाठी वेगळं कॅलेंडर काढ आणि त्यातली फक्त "वेळ भरलेली आहे" एवढीच माहिती ताईंना दिसू दे. ईमेलचा पासवर्ड देऊ नकोस. जीमेलमध्ये पासवर्ड न देता दुसऱ्याला मेल हाताळू देण्याची सोय आहे, ती वापर. पण तसं केलं की तुझे सगळे मेल त्या वाचू शकतात, म्हणून मला विचारशील तर भेटींसाठी वेगळा मेल आयडी काढणं उत्तम. क्लायंटचे कागद तिथे येऊच नयेत.

ओटीपी, डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन आणि यूडीआयएन (आपण सही केलेल्या कागदाचा ओळख क्रमांक) या तीन गोष्टी ताईंकडे कधीच जाता कामा नयेत, कितीही घाई असो. यात ताईंवर अविश्वास नाही. सही तुझी आहे, जबाबदारी तुझी आहे. आपल्या १९४९ च्या सीए कायद्यातच क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर देणं हा गैरवर्तणुकीचा प्रकार धरलाय. भेटीच्या नोंदीतसुद्धा "अमुक यांची स्क्रुटिनी" (कर खात्याची तपासणी) असं लिहू नका. नाव आणि फाइल नंबर बास.

रोज सकाळी साडेनऊला दहा मिनिटं ताईंशी बोल, मेसेजवर नाही, आवाजात. आज काय आहे, उद्या काय अडेल, कुणाला नाही म्हणताना त्यांना जड गेलं, एवढंच. हे शेवटचं आवर्जून विचार. क्लायंटचा चढा आवाज त्यांना ऐकावा लागतो, तुला नाही. एखाद्याने मर्यादा सोडली तर त्याला तू स्वतः फोन कर, त्याच दिवशी. सांगलीत एकट्या बसून काम करणाऱ्या बाईला आपल्यामागे कुणीतरी उभं आहे हे कळलं पाहिजे. आणि त्यांचे चार तास संपले की त्यांना फोन करू नकोस. तुझी वेळ त्यांनी सांभाळावी असं वाटतं ना, मग त्यांची तू सांभाळ.

सुरुवातीला चुका होतील. दोन भेटी एका वेळेला पडतील, कुणीतरी दारात येऊन उभं राहील. लगेच डायरी परत ओढून घेऊ नकोस. नियमात काय राहून गेलं ते पाहा आणि तो कागद दुरुस्त करा. असा कागद दीड-दोन महिन्यांनी पक्का होतो. ३१ जुलैच्या, आयकर रिटर्नच्या गर्दीआधी झाला तर फारच बरं.

पहिला मसुदा तू लिही, ताईंना वाचून दाखव आणि त्यांच्या शंका घालून मला पाठव. मग त्यावर आपण बसून बोलू. मला शनिवारी दुपारी जमेल. वेळ मी ताईंना विचारून ठरवते.

तुझी,
मॅडम