चार फुटी टँक फुकट मिळतोय, स्टँड घरी बनवावा का?

भांडुपच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. वय 34, हातात येणारा पगार 68,000. गृहकर्जाचा हप्ता धरून घरखर्च 55,000, एसआयपी 5,000, अडीअडचणीसाठी बँकेत 1,10,000. मित्राची पुण्याला बदली झाली आहे आणि तो त्याचा चार बाय दोन बाय दोन फुटांचा फिशटँक फुकट देतोय. त्याचा पार्टिकल बोर्डाचा स्टँड मात्र पाण्याने फुगून कामातून गेला आहे. सुतार सागवानी स्टँडचे 36,000 सांगतो. पाइनमध्ये स्वतः बनवला तर 15,000त होईल, असा वाचकाचा अंदाज आहे. बनवावा का? आणि पैसे म्युच्युअल फंडातून काढावेत, की क्रेडिट कार्डावर हप्ते करावेत?

नमस्कार. स्टँड जरूर स्वतः बनवा. पण 15,000त नको, आणि या महिन्यात तर मुळीच नको.

पैशांच्या आधी वजनाचा हिशेब करू, कारण खर्च त्यावरूनच ठरतो. या मापाच्या टँकमध्ये काठोकाठ 453 लिटर पाणी मावते. थोडा रिकामा ठेवलात तरी 400 किलो पाणी झालेच. 12 मिलिमीटर काचेचे साधारण 90 किलो, वाळू-दगडांचे 50, वर स्टँडचे स्वतःचे. म्हणजे सहाशे किलोच्या आसपास वजन आठ चौरस फुटांवर कायमचे उभे राहणार. राहत्या खोलीची फरशी चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरून आखतात, आणि तुमच्या टँकखाली तो 800च्या घरात जातो. 200चा आकडा संपूर्ण खोलीवर पसरलेल्या भारासाठी असतो, त्यामुळे लगेच घाबरून जाऊ नका. मात्र जागा अंदाजाने ठरवू नका. तुमची इमारत 1994ची आहे. तिला 30 वर्षे उलटून गेली, म्हणजे महापालिका कायद्याच्या कलम 353-बी प्रमाणे तिची स्ट्रक्चरल तपासणी बंधनकारक आहे. तो अहवाल सोसायटीकडे मागा, आणि ज्या इंजिनिअरने तपासणी केली त्यालाच विचारा की टँक कुठल्या भिंतीलगत, कुठल्या बीमच्या आधाराने ठेवायचा. त्याची फी द्यावी लागली तर द्या. या सगळ्या प्रकरणात सर्वात आधी खर्च करावा असा पैसा तोच. बाल्कनीचा विचारसुद्धा करू नका.

आता तुमचे 15,000. त्यात पाइन 3,600, मरीन प्लाय 4,000, स्क्रू-फेव्हिकॉल-पॉलिश 1,900, आणि ड्रिल व कटर मशीन मिळून 5,500 असे तुम्ही लिहिले आहे. एका स्टँडसाठी साडेपाच हजारांची हत्यारे घ्यायची आणि ती माळ्यावर टाकायची, हे मला पटत नाही. लाकूड वखारीतच मापाने कापून घ्या. सोसायटीत कुणाकडे तरी ड्रिल असतेच. आणि त्याच सुताराला अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन रंधा मारून घ्या, चौकट गुण्यात (काटकोनात) बसवून घ्या. यासाठी 2,000 धरा.

वाचलेला पैसा लाकडात घाला. वर आणि खाली एकेक चौकट, मध्ये आडव्या पट्ट्या आणि अडीच फुटी सहा खांब, सगळे चार बाय दोन इंचात धरले तर जेमतेम अडीच घनफूट लाकूड भरते. तुकडे वाया जातात म्हणून तीन धरू. तुम्हाला वखारीत सागवान 3,800 आणि पाइन 1,200 रुपये घनफूट सांगितले, म्हणजे फरक 7,800चा. वाळलेले, सरळ धाग्याचे पाइन हे वजन पेलते, त्याबद्दल शंका नाही. पण टँकभोवती रोज थेंब सांडणार, मुंबईचा पावसाळा चार महिने हवा ओली ठेवणार, त्यात वाळवीची भीती. सागवान हे निमूटपणे सोसते. दहा वर्षांवर वाटले तर हा फरक महिन्याला 65 रुपये पडतो. गेलेल्या स्टँडवरचा टँक उचलायची वेळ आली तर आधी चारशे लिटर पाणी उपसावे लागते आणि मासे कुठेतरी हलवावे लागतात, हेही त्या 65 रुपयांसमोर मांडून बघा.

तर हिशेब असा: सागवान 11,400, प्लाय 4,000, सामान 1,900, मजुरी 2,000. एकूण 19,300. सुताराच्या दरापेक्षा 16,700 कमी, आणि ही खरी बचत आहे. एकच अट पाळा. वजन लाकडावरून लाकडावर सरळ जमिनीत उतरले पाहिजे. वरची चौकट खांबांच्या डोक्यावर बसवा, बाजूने स्क्रूंवर टांगू नका. स्क्रू नुसते जागच्या जागी धरण्यासाठी. वरचा पृष्ठभाग पाणसळीने तपासा, त्यावर प्लाय आणि थर्माकोलची शीट. चौकटीला पीळ असेल तर काच तडकते. पाय थेट लादीवर टेकू देऊ नका, पोछ्याचे पाणी खालून शिरते.

तुमच्या पत्रात एक मोठा खर्च राहून गेला आहे. टँक फुकट असला तरी फिल्टर, दिवा, वाळू, झाडे, मासे फुकट नाहीत. क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत एकदा पाय ठेवला की हात आखडत नाही, म्हणून आधीच 12,000ची मर्यादा घालून घ्या. 25 वॅटचा फिल्टर रात्रंदिवस आणि 40 वॅटचा दिवा आठ तास धरला तर महिन्याला 28 युनिट वीज वाढते. दर आठवड्याला शंभर लिटर पाणी बदलायचे आहे, तेही पालिकेच्या पाण्याच्या वेळेत. उन्हाळ्यातल्या पाणीकपातीत ते कसे जमवणार, हे घरात आधी बोलून घ्या.

एकूण 31,300 झाले. फंडातून काढू नका. वर्षाच्या आतले इक्विटी युनिट विकले तर नफ्यावर 20 टक्के कर, आणि बऱ्याच योजनांत एक टक्का एक्झिट लोडही, म्हणजे लवकर पैसे काढल्याची कपात. कार्डावरच्या ‘नो-कॉस्ट’ हप्त्यांतही प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी लागतो. बँकेतले 1,10,000 म्हणजे तुमचे फक्त दोन महिने आहेत. लहान मूल आणि कर्ज असलेल्या घरात त्याला हात लावलेला मला अजिबात चालणार नाही.

एसआयपी जाऊन तुमच्याकडे महिन्याला 8,000 उरतात. चार महिन्यांत 32,000 होतात. लाकडालाही हा वेळ लागतोच. पहिल्या महिन्यात इंजिनिअरचे मत घ्या, त्याने हो म्हटले तरच दुसऱ्या महिन्यात लाकूड. ते घरात आडवे रचून हवेला ठेवा, म्हणजे वाकायचे ते बांधण्याआधी वाकेल. तिसऱ्या महिन्यात प्लाय, सामान, मजुरी. दरम्यान टँक सोसायटीच्या परवानगीने पार्किंगमध्ये समतल जागी थर्माकोलवर ठेवून तीन-चार दिवस भरून बघा. जुने सिलिकॉन पाझरते का ते तिथेच कळू दे, खालच्या मजल्यावरच्यांच्या छतावर नको. फिल्टर आणि मासे चौथ्या महिन्यात.

इंजिनिअर नाही म्हणाला, तर टँक दुसऱ्या कुणाला देऊन टाका आणि दोन बाय एक बाय एक फुटाचा घ्या. त्यात 57 लिटर पाणी राहते, मुलाला मासे तितकेच जवळून दिसतात, आणि त्याचा स्टँड मात्र तुम्ही खुशाल पाइनमध्ये बनवा.